पाळीव सापाच्या पेटीतली ऊब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे आकडे बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या दोन सापांसाठी आहेत. पेटी १२० × ६० × ६० सेंमीची धरली आहे. मोठ्या वाढलेल्या सापाला याहून लहान पेटी देऊ नये.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. थंडीने साप दिवसेंदिवस खंगत जातो, पण पेटी फार तापली तर काही तासांत मरतो. त्यामुळे हीटर, थर्मोस्टॅट (तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारं यंत्र), वायर, काहीही विकत घेताना विचार करा, की हे बिघडलं तर पेटी गार पडेल की तापेल? पुढची बरीचशी उत्तरं या एका प्रश्नातूनच निघतात.

पेटीत नेमकं किती तापमान हवं?

एकच तापमान नको. एक टोक गरम, दुसरं गार. साप स्वतःचं शरीर तापवू शकत नाही, तो जागा बदलून भागवतो.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. त्याच्या गरम टोकाची हवा ३१ ते ३२ अंश, ऊब घ्यायच्या जागेचा पृष्ठभाग ३३ ते ३५ अंश, गार टोक २५ ते २७ अंश. रात्री २४च्या खाली जाऊ देऊ नका. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याला गरम टोक २८ ते ३०, गार टोक २२ ते २४ पुरतं, आणि रात्री २० अंशांपर्यंत उतरलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

दोन्ही टोकांना सारख्याच आकाराची, अंगाला घट्ट बसणारी लपायची जागा ठेवा. लपण फक्त गार टोकाला असेल तर साप ऊब सोडून तिथेच बसून राहतो, आणि मालकाला वाटतं की हीटर कमी पडतोय.

आमच्याकडे तसंही गरमच असतं. हीटर लागेल का?

मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे कॉर्न स्नेकसाठी वर्षातले बरेच महिने हीटर चालूही होणार नाही. बॉल पायथनला मात्र ३३ अंशांची एक जागा बाराही महिने हवी, विशेषतः खाल्ल्यानंतर. पुणे, नाशिक, नागपूरच्या थंडीत रात्री बाहेरचा पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि घरातली खोली १६ ते १८ अंशांवर जाते. तिथे हीटर नसेल तर बॉल पायथनचं पचन बंद पडतं. पोटातलं भक्ष्य कुजतं आणि साप ते ओकून टाकतो.

हीट मॅट, सिरॅमिक हीटर, हॅलोजन: काय घ्यावं?

हॅलोजनचा दिवा दिवसा उत्तम. त्याची उष्णता उन्हासारखी अंगात खोलवर जाते. पण तो प्रकाश देतो, म्हणून रात्री बंद ठेवावा लागतो. लाल किंवा निळे ‘रात्रीचे’ बल्ब घेऊ नका, त्या उजेडानेही सापाची रात्र मोडते.

सिरॅमिक हीटर उजेडाशिवाय चालतो आणि हवा तापवतो, त्यामुळे रात्रीसाठी तो योग्य. त्याचा पृष्ठभाग मात्र दोनशे अंशांच्या वर जातो. वरून लावायचा रेडिएंट पॅनेल महाग पडतो, पण उंच पेटीपेक्षा आडव्या लाकडी पेटीत तोच सगळ्यात निर्धोक, कारण त्याचा पृष्ठभाग मोठा आणि तुलनेने कमी तापलेला असतो.

हीट मॅट, म्हणजे पेटीला चिकटवायची तापणारी चटई, फक्त चिकटलेली जागा तापवते, हवा जवळजवळ नाहीच. मुंबईतल्या कॉर्न स्नेकला ती पुरेल. नाशिकच्या डिसेंबरात एकट्या मॅटवर बॉल पायथन ठेवू नका. सापाला आतून तापणारा ‘गरम दगड’ तर कधीच आणू नका. तो एकाच जागी भाजतो आणि सापाला अंग काढून घ्यायचं वेळेवर कळत नाही.

किती वॅट लागतील?

दुकानदार पेटीच्या लांबीवरून सांगतो. खरं तर ते पेटी कशाची आहे आणि खोली किती गार पडते यावर ठरतं.

आपल्या मापाच्या पेटीला सगळ्या बाजू मिळून ३.६ चौरस मीटर पृष्ठभाग आहे. १८ मिमी प्लायवूडमधून प्रत्येक चौरस मीटरला, आत-बाहेरच्या दर एका अंशाच्या फरकाला साधारण २.५ वॅट उष्णता निसटते. साध्या काचेतून ५.५ वॅट. पेटीचं सरासरी तापमान २८ आणि खोली १८ अंश, म्हणजे फरक १० अंशांचा. पुढे काच आणि बाकी प्लाय असेल तर सुमारे ११० वॅट सतत लागतात. सगळी काचेची पेटी असेल तर २०० वॅट. झरोक्यांतून जाणाऱ्या हवेसाठी वर २० ते ३० टक्के धरा.

हे गणित केलं की काचेची टाकी थंडीत का तापत नाही ते कळतं, आणि आणखी मोठा हीटर आणण्याआधी काय करावं तेही. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून एक इंच जाड थर्मोकोल लावा, त्या काचांमधून जाणारी उष्णता जवळपास पाचव्या हिश्श्यावर येते. दिव्याजवळ किंवा हीट मॅटवर मात्र थर्मोकोल लावू नका.

लागणारे वॅट एकाच हीटरमध्ये घेण्यापेक्षा दोघांत वाटून घ्या. १५० वॅटच्या एका हीटरऐवजी ७५चे दोन, प्रत्येकाला स्वतंत्र थर्मोस्टॅट. एक जळाला तरी पेटी गोठत नाही, आणि एक चालूच राहिला तरी पेटी भट्टी होत नाही. खर्च थोडा वाढतो, पण यापेक्षा चांगला खर्च आम्हाला माहीत नाही.

कमी वॅटची मॅट घेतली तर थर्मोस्टॅट नसला तरी चालेल ना?

नाही. थर्मोस्टॅट नसलेल्या मॅटवरची काच ४५ अंशांच्या वर सहज जाते. जानेवारीत बरोबर वाटणारी मॅट एप्रिलमध्ये सापाचं पोट भाजते. पंख्याचा रेग्युलेटर लावून वॅट कमी करणं हाही उपाय नव्हे, कारण खोली तापली तर त्याला त्याची खबरच नसते.

कोणत्या हीटरला कोणता थर्मोस्टॅट?

हीट मॅटला साधा चालू-बंद थर्मोस्टॅट पुरतो. सिरॅमिक हीटरला पल्स प्रकारचा (वीज छोट्या-छोट्या झटक्यांत देणारा) चांगला, पण चालू-बंद चालतो. तापमान एक-दोन अंशांनी वर-खाली होत राहील इतकंच. हॅलोजनला डिमिंगच (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा) हवा. चालू-बंदवर तो दिवसभर लुकलुकेल आणि तार लवकर तुटेल. रेडिएंट पॅनेलला डिमिंग किंवा पल्स, दोन्ही चालतात.

प्रोब कुठे लावायचा?

सगळ्यात जास्त अपघात इथेच होतात. थर्मोस्टॅटला हीटर दिसत नाही, त्याला फक्त प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा तुकडा, कळतो. गरम जागेवरून प्रोब सुटून गार टोकाला पडला, की थर्मोस्टॅट पेटी गार आहे असं समजून हीटर पूर्ण ताकदीने चालवत राहतो. पडद्यावर २६ दिसत असतात आणि दिव्याखाली ५०.

हीट मॅटसाठी प्रोब मॅट आणि काच यांच्या मध्ये, मॅटच्या मधोमध. बाहेरून लावला की सापाचा धक्का लागत नाही आणि लघवीत भिजत नाही. काचेच्या वरचं तापमान यापेक्षा थोडं वेगळं येतं, म्हणून आतल्या पृष्ठभागावर ३२ येईपर्यंत सेटिंग हलवून पाहा, प्रत्येक बदलानंतर तीन-चार तास थांबून.

वरच्या हीटरसाठी प्रोब गरम टोकाला, साप बसतो त्या उंचीवर, भिंतीला. सेलोटेप ओलाव्याने दोन आठवड्यांत सुटते, आणि सुटलेल्या चिकटपट्टीत अडकून सापाची कातडी निघते. पेटीच्या आत चिकटपट्टी अजिबात नको. प्लायला छोटी केबल क्लिप खिळ्याने ठोका. काचेला अ‍ॅक्वेरियमचं सिलिकॉन लावा आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी रिकामी ठेवा. वायर अशी ओढून बांधा, की सापाने तिच्यावर अंग टाकलं तरी प्रोब जागचा हलणार नाही. मोठा बॉल पायथन दीड-दोन किलोचा असतो आणि रात्रभर सगळं ढकलत फिरतो.

प्रोब कोकोपीटमध्ये पुरू नका, पाण्याच्या भांड्याजवळ नको, थेट दिव्याच्या झोतातही नको.

आणि थर्मोस्टॅटच बिघडला तर?

स्वस्त थर्मोस्टॅटमध्ये आत एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, असतो. त्याचे संपर्कबिंदू कधीतरी ठिणग्यांनी एकमेकांना चिकटतात. मग पडद्यावर ‘बंद’ दिसतं आणि हीटर चालूच असतो. छोट्या रिलेचं पूर्ण भारावरचं आयुष्य साधारण एक लाख वेळा चालू-बंद इतकं धरतात. दर पाच मिनिटांनी एक फेरा झाला तर दिवसाला २८८, वर्षाला लाखाच्या वर. हीटरचा भार कमी असतो म्हणून रिले जास्त टिकतो, पण अमर नसतो. चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतला फरक ०.३ अंशांवर न ठेवता १ अंशावर ठेवा, फेरे बरेच कमी होतात.

खरा उपाय म्हणजे ओळीत दुसरा थर्मोस्टॅट. भिंतीतला प्लग आधी दुसऱ्यात, त्यातून पहिल्यात, पहिल्यातून हीटर. पहिला ३३ अंशांवर असेल तर दुसरा ३७वर. रोजच्या कामात तो काही करत नाही, सतत चालू असतो, म्हणून त्याचा रिले झिजत नाही. पहिला चिकटला की हा वीज तोडतो. दोघांचे प्रोब एकाच क्लिपमध्ये बसवू नका, नाहीतर दोन्ही एकदमच पडतील.

अंडी उबवण्याच्या मशीनला लावतात तो कंट्रोलर चालतो का?

एसटीसी-१००० सारखा पॅनेलवर बसवायचा कंट्रोलर चालतो. त्याचा रिले १० अँपिअरचा असतो, आणि १५० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर पाऊण अँपिअरसुद्धा घेत नाही. अडचण वेगळी आहे: त्याच्या पाठीमागचे स्क्रू उघडे असतात आणि त्यांत २३० व्होल्ट असतात. बंद प्लास्टिकच्या डब्यात, फ्यूज घालून, वायरमनकडूनच बसवून घ्या. १२ व्होल्टवर चालणारे उघडे सर्किट बोर्ड मात्र सापाच्या ओलसर पेटीजवळ नकोतच.

कोणताही कंट्रोलर घेतल्यावर एक चाचणी करा. तापमान सेट करा, प्लग काढा, दहा मिनिटांनी परत लावा. सेटिंग जसंच्या तसं राहिलं पाहिजे. वीज आल्यावर बंद अवस्थेत थांबणारा किंवा मूळ सेटिंगवर जाणारा कंट्रोलर लोडशेडिंगच्या गावात उपयोगाचा नाही.

तापमान कशाने मोजावं?

काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर चार-पाच अंशांनी चुकतात, ते फेकून द्या. प्रोबवाले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक गरम टोकाला, एक गार टोकाला, आणि किमान-कमाल नोंद ठेवणारेच घ्या. पहाटे चारला काय झालं ते सकाळी कळण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग.

पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड गन. ती काचेतून आतलं मोजत नाही, काचेचंच तापमान दाखवते, म्हणून दार उघडून मोजा. जवळून मोजा: १२:१ची (अंतर आणि वर्तुळाची रुंदी यांचं प्रमाण) गन ६० सेंमीवरून ५ सेंमीच्या वर्तुळाची सरासरी सांगते.

थर्मामीटरवर विश्वास ठेवण्याआधी ग्लासभर ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळा आणि प्रोब तीन मिनिटं बुडवा. शून्य ते एक अंश यायला हवं.

हीट मॅट बसवताना काय चुकतं?

मॅट लाकडी तळाखाली लावली जाते. लाकूड उष्णता अडवतं, मॅट स्वतःच तापत राहते आणि कधीकधी लाकूड काळं पडतं. काचेच्या पेटीला ती बाहेरून, तळाचा एक तृतीयांश भाग व्यापेल इतकी, आणि पेटीच्या चार कोपऱ्यांना रबरी बूट देऊन, म्हणजे खाली हवा खेळते. वर अंथरणाचा थर २ सेंमीपेक्षा जाड असेल तर ऊब वर येत नाही, मग साप उकरून खाली काचेला चिकटतो. मॅट घडी घालू नका, कापू नका, आणि एकदा चिकटवून उचकटलेली परत वापरू नका.

होल्डर, वायर, जाळी?

सिरॅमिक हीटरला चिनी मातीचा ई-२७ (२७ मिमी स्क्रूचा) होल्डरच हवा. घरातला प्लास्टिकचा किंवा बेकेलाइटचा होल्डर काही आठवड्यांत ठिसूळ होतो. होल्डरपर्यंतची शेवटची फूटभर वायर सिलिकॉनच्या आवरणाची. पेटीच्या आत असलेल्या प्रत्येक दिव्याला आणि हीटरला तारेची जाळी, कारण साप त्यालाच विळखा घालतो. जाळीची भोकं सापाचं डोकं शिरणार नाही इतकी बारीक, आणि जाळी हीटरपासून चार-पाच सेंमी दूर.

वायर सॉकेटकडे जाताना खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी ओघळलं तर झोलातून खाली ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवं.

लाइट गेल्यावर काय करावं?

पहिले तीन-चार तास काही करू नका, पेटी उघडू नका. वरून जाड गोधडी घाला, एक झरोका मोकळा सोडा. वीज येण्याआधी मात्र ती काढायची आठवण हवी, म्हणून हीटरचा प्लग काढूनच गोधडी घाला.

पेटी २० अंशांखाली जाऊ लागली तर सापाला सुती पिशवीत घाला, तोंड बांधा, आणि पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा. ४० अंशांचं, हाताला सहज सोसणारं पाणी बाटल्यांत भरून, टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या एका बाजूला लावा. खोक्याला हवेसाठी दोन-तीन भोकं पाडा. बाटल्या तीन तासांनी बदला. बंद खोलीत शेगडी किंवा कोळसे नकोत, त्याचा धूर सापालाही मारतो आणि तुम्हालाही.

वीज नियमित जात असेल तर गेल्या दोन दिवसांत खाल्लेल्या सापाची आधी काळजी घ्या. त्याला ऊब सगळ्यात जास्त लागते. मोठा वीजबंद जाहीर झाला असेल तर खायला देणं पुढे ढकला.

इन्व्हर्टरवर चालेल का?

चालेल. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हाती हजारेक येतात. सरासरी ७५ वॅट ओढले तर १३ तास. पण स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर (त्याच्या विजेची लहर घरच्या लाइनसारखी गुळगुळीत नसते) डिमिंग आणि पल्स थर्मोस्टॅट बिघडल्यासारखे वागतात: दिवा थरथरतो, कधी पूर्ण तेजाने पेटून राहतो. एक तर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, नाहीतर इन्व्हर्टरच्या लाइनवर चालू-बंद थर्मोस्टॅट आणि सिरॅमिक हीटर ठेवा.

अमेरिकेतून आणलेला हीटर भारतात लावता येईल का?

१२० व्होल्टचा हीटर २३० व्होल्टवर लावला की त्याची ताकद ३.७ पट होते. १०० वॅटचा ३६७ वॅटचा होतो. फुटतो किंवा आग लावतो. साधा प्लग अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही. उलट भारतातला १०० वॅटचा हीटर न्यू जर्सीत नेला तर तो जेमतेम २७ वॅट देईल आणि साप गारठेल. हीटर आणि थर्मोस्टॅट राहता त्या देशातच घ्या.

उन्हाळ्यात पेटीच ३८ अंशांवर गेली तर?

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हा प्रश्न हीटरपेक्षा मोठा असतो. थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, पेटी गार करत नाही. गार टोक ३२च्या वर गेलं की हालचाल करा. पेटी तळमजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर हलवा, हॅलोजन काढून एलईडी लावा, खोलीत कूलर चालवा. फ्रीजरमध्ये गोठवलेली बाटली टॉवेलात गुंडाळून गार टोकाच्या जाळीवर ठेवा. सापाला बर्फाच्या पाण्यात घालू नका.

तोंड उघडं ठेवून, मान ताणून, पेटीत सैरावैरा फिरणारा साप भाजतोय असं समजा आणि लगेच २५-२६ अंशांच्या खोलीत हलवा.

हीटर लावल्यापासून कात तुकड्यातुकड्यांत निघते. का?

हवा तापली की कोरडी पडते. बॉल पायथनला ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी, कात टाकताना ७०. पाण्याचं रुंद भांडं गरम टोकाकडे सरकवा, वरच्या जाळीचा अर्धा भाग झाका, अंथरणाचा खालचा थर ओलसर ठेवा आणि वरचा कोरडा. ओल आणि थंडी एकत्र आली की फुप्फुसांचा संसर्ग होतो, म्हणून आर्द्रता वाढवण्याआधी तापमान जागेवर असल्याची खात्री करा. नाकातोंडाशी बुडबुडे, शिट्टीसारखा श्वास दिसला तर घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जा.

साप भक्ष्य ओकला. पुढे काय?

आधी गेल्या आठवड्यातलं किमान तापमान पाहा, कारण बहुधा तिथेच सापडतं. ते दुरुस्त करा आणि १४ दिवस खायला देऊ नका, पाणी ठेवा. नंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य. पुन्हा ओकला तर पशुवैद्य.

काय तपासत राहायचं?

रोज सकाळी किमान-कमाल आकडे. महिन्यातून एकदा प्रोब मुठीत घट्ट धरा आणि सेटिंग तात्पुरतं ३० अंशांवर आणा. एक-दोन मिनिटांत हीटर बंद झालाच पाहिजे, आणि तो हीटरवरच पाहा, पडद्यावरच्या दिव्यावर नको. दुसऱ्या थर्मोस्टॅटचीही तशीच परीक्षा घ्या. प्लग आणि होल्डर हाताने चाचपा. प्लग कोमट असेल तर सॉकेट बदला.

घरात सापडलेला साप या पेटीत ठेवता येईल का?

नाही. नाग, धामण, अजगर, मांडूळ हे भारतीय साप पाळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. सर्पमित्राला किंवा महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर तो बाळगणाऱ्याने त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. कागद नसलेला साप विकत घेऊ नका.

कात टाकताना किंवा आजारपणात तापमान वाढवायचं का?

कातीसाठी नाही, तेव्हा आर्द्रता वाढवा. आजारपणात पशुवैद्य सहसा रात्रीची घसरण बंद करायला आणि गार टोक एक-दोन अंशांनी वर आणायला सांगतात. गरम टोक ३५च्या वर नेऊ नका, आणि बरा झाला की सेटिंग दिवसाला एका अंशाने पूर्ववत करा.